सुमीच्या चाली

शिवकन्या शेटेला गाता येतं, हे दिंद्रुडला कळलं ते एका तक्रारीमुळं.

तक्रार दगडाबाईची होती. वेशीजवळ राहणाऱ्या या बाईनं लेकीसाठी शिवभजनांची एक कॅसेट भरून घेतली होती. आठ दिवसांत ती परत घेऊन दुकानात आली. म्हणाली, एक भजन सरतं आणि दुसरं सुरू होतं, त्या मधल्या जागेत कोणतरी बाई गुणगुणती. लेक दिवसभर घरात एकटीच असते, तिला भ्या वाटतंय. दुकानदार शिवशरणनं कॅसेट लावली आणि आवाज वाढवला. आधी नुसती खरखर झाली. मग त्या खरखरीच्या खालून, लांबच्या रानातून यावा तसा बाईचा आवाज आला. दोन ओळींइतका टिकला आणि पुढचं भजन सुरू झालं तसा बुडून गेला.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. शिवशरणनं कॅसेट मागं फिरवून पुन्हा लावली. शेवटी दगडाबाईनंच तोडगा काढला.

"ही तुमची शिवकन्याच असंल की. बसल्या बसल्या गात असंल, आन् भरलं गेलं असंल त्यात."

शिवशरण म्हणाला, "हो, आक्काच हाय ती."

त्याची थोरली बहीण शिवकन्या पडद्याआड कॅसेटींवर चिठ्ठ्या डकवत बसली होती. तिनं हे सगळं ऐकलं. बाहेर येऊन 'मी न्हाई' म्हणायला तिला दोन पावलं टाकावी लागली असती. ती तिनं टाकली नाहीत. ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली.

शेट्यांचं मूळ दुकान कापडाचं. वडील विश्वेश्वरअप्पा जुन्या वळणाचे लिंगायत वाणी, मठात मान असलेले. शिवकन्येला त्यांनी परळीला भांड्यांच्या दुकानदाराच्या घरी दिलं होतं. चौथ्या वर्षी तिचा नवरा काविळीनं लिंगैक्य झाला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला राहा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही, पण एके सकाळी तिची ट्रंक ओसरीवर आणून ठेवलेली तिला दिसली. अप्पा जाऊन तिला घेऊन आले. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

पुढं अप्पांचे गुडघे गेले आणि दुकान शिवशरणकडं आलं. बाजार बदलत होता. तयार कपडे यायला लागले, कापड फाडून घेणारं गिऱ्हाईक आटलं, आणि घरोघर टेप आले. शिवशरणनं दुकानाचा अर्धा भाग वेगळा काढला, दोन कप्प्यांचं मशीन आणलं आणि आपल्या लेकीच्या नावानं पाटी लावली, शिवांजली कॅसेट सेंटर. कोऱ्या कॅसेटी परवडत नसत, म्हणून तो एका दलालाकडून परदेशातून भंगारात आलेल्या, वापरलेल्या कॅसेटी मागवायचा. त्या पुसायच्या आणि त्यांवर गाणी भरून द्यायची. पुसायचं काम शिवकन्येच्या वाट्याला आलं.

काम अवघड नव्हतं. कॅसेट लावायची, रीळ कुठं गुंतत नाही ना हे थोडं ऐकून बघायचं, गुंतलं तर पेन्सिलीनं फिरवून सरळ करायचं आणि मग काही न जोडता नुसतं भरायचं बटन दाबून ठेवायचं. तासाभरात जुनं सगळं जायचं. बहुतेक कॅसेटींत परक्या भाषेतली बडबड असायची, नाहीतर बाजा. ब्याण्णवच्या दसऱ्यानंतर मात्र जी तीन खोकी आली, त्यांतल्या साठाच्या वर कॅसेटींवर एकाच हाताचं अक्षर होतं. निळ्या शाईचं, वरून खाली उतरत गेलेलं. शिवशरण म्हणाला, जपानी माल हाय. आत सगळीकडं एकाच बाईचा आवाज होता.

ती बाई कुणाला ऐकवण्यासाठी गात नव्हती, हे शिवकन्येला पहिल्याच दुपारी कळलं. पेटीसारखं, पण पेटीहून कोरडं काहीतरी वाजायचं. बाई दोन ओळी गायची, थांबायची, स्वतःशीच 'मोइचिदो' असं काहीसं म्हणायची आणि पहिल्यापासून धरायची. कधी मधेच हसायची. मागं पाणी उकळत असायचं, झाकण हलत असायचं. एकच चाल सात-सात वेळा यायची, दर वेळी थोडी निराळी. शब्द एक कळत नव्हता. पण चाल कुठं अडली आणि बाईनं ती कशी सोडवली, हे शिवकन्येला बरोबर कळायचं. लहानपणी ती मठात भजनाला बसायची, तिचा कान तयार होता.

ऐकायचं होतं फक्त रीळ तपासण्यापुरतं. ती अख्खी कॅसेट ऐकायला लागली. ऐकून झाली की पुसायची.

एकदा तिनं भावाला विचारलं, ह्यातल्या थोड्या बाजूला ठेवू का.

"कावून?" शिवशरण म्हणाला. "ती भाषा इथं कुणाला कळती?"

भावाच्या घरात राहायचं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. लग्नसराई तोंडावर आली होती, लोक मांडवात लावायला गाणी भरून मागत होते. दोन महिन्यांत तिनं ती सगळी खोकी पुसून काढली. एकच कॅसेट ट्रंकेत लुगड्यांच्या खाली लपवली.

आणि एक तिनं जवळजवळ न ऐकताच पुसली. त्या कॅसेटीत सुरुवातीलाच बाई रडत होती. ओळ धरायला गेली, तोच आवाज फुटला. शिवकन्येला परळीच्या घरातली मधली खोली आठवली, नवरा गेल्यावर ती जिथं तोंड दाबून रडली होती. तिनं झटक्यात बटन दाबलं आणि तासभर परसात जाऊन बसली.

मशीनचं पुसायचं हेड झिजलेलं होतं, म्हणून पुसलेलं पुरतं पुसलं जात नव्हतं. गाण्यांच्या मधल्या जागेत खालचा आवाज उरायचा. दगडाबाईनंतर आणखी तिघी आल्या. उमापूरहून एक जण आला. शिवशरण प्रत्येकाला तेच सांगत गेला, आमची आक्का गाती हो, चुकून भरलं जातं. बोलता बोलता गावाला खरंच वाटलं. बाया शिवकन्येला वाटेत थांबवून विचारू लागल्या, एवढा गोड गळा असून लपवतीस कावून?

त्या श्रावणात मठातल्या बायांनी तिला सोमवारी गायला बसवलं. अप्पांनी हौसेनं हो म्हटलं होतं. तिच्याकडं स्वतःचं गाणं नव्हतं. परळीत असताना मनात जुळवलेल्या काही ओळी तेवढ्या होत्या, कुणाला न सांगितलेल्या. तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि त्या ओळी आपोआप एका चालीवर बसल्या.

सावली पडली आडात गं, सई,
दोर काही पुरेना,
वाकून बघते, हाक मी देते,
वर काही येईना.

चाल जपानी बाईची होती. ध्रुवपदापर्यंत तरी तिचीच. पुढं त्या बाईला ती सुटली नव्हती, चारदा धरून तिनं सोडून दिली होती. पुढचं शिवकन्येनं त्या क्षणी बांधलं.  म्हातारे जंगम स्वामी म्हणाले, अशी चाल आपल्या मुलखात ऐकली नव्हती.

यानंतर तिचं आयुष्यच पालटलं. माजलगावला कार्यक्रम झाला, मग बीडला. पंचाण्णव साली लातूरच्या एका छोट्या स्टुडिओत तिच्या आठ गाण्यांची कॅसेट निघाली. नाव 'दोर पुरेना', खाली छापलं होतं, गीत, संगीत, स्वर शिवकन्या शेटे. कपिलधारच्या यात्रेत ती हातोहात खपली. शिरूर कासारची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं टेपासकट ती कॅसेट घेऊन गेली आणि पार कारखान्यांच्या फडात ते गाणं पोचलं. त्या बायांना वाटायचं, हे गाणं आपल्यावरच लिहिलंय. जीपवाले ते लावायचे. पिठाच्या गिरणीत, सलूनात, सगळीकडं वाजायचं. शिवशरणनं कोऱ्या कॅसेटींची मोठी ऑर्डर दिली. भंगारातल्या आता लागत नव्हत्या.

गाव कौतुक करत होतं आणि शिवकन्येची झोप उडाली होती. भाकरी थापताना चाल यायची, आणि ती आपल्याला सुचतेय की आठवतेय, हे तिला सांगता यायचं नाही. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटले की पाणी उकळल्याचा आवाज यायचा. कार्यक्रमात गाताना ध्रुवपदाच्या शेवटी ती नकळत थांबायची, बरोबर तिथंच जिथं ती बाई थांबायची. लोकांना वाटायचं, काय ठहराव आहे. त्या थांबलेल्या पोकळीत तिला कानाशी 'मोइचिदो' ऐकू यायचं आणि ते ऐकल्याशिवाय पुढचा सूर लागायचा नाही. टाळ्या संपल्या की ते हसू. तिनं अप्पांना सांगितलं. अप्पांनी तिला स्वामींकडं नेलं, भस्म लावलं. स्वामींनी विचारलं, कुणाचं काही घेतलंयस का बाळ? ती म्हणाली, हो. काय, ते सांगता आलं नाही.

शहाण्णवच्या श्रावणात घरचे सगळे घृष्णेश्वराच्या दर्शनाला वेरूळला गेले. शिवकन्येनं ट्रंकेतली कॅसेट पिशवीत घेतली होती. लेण्यांकडं जपानी माणसं येतात, हे तिनं ऐकलं होतं. दर्शन झाल्यावर ती भावाला म्हणाली, मला लेणी बघायचीत, आणि कैलास लेण्याच्या अंगणात येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे बघत उभी राहिली. तिथं बद्रीनाथ नावाचा एक गाईड होता. औरंगाबादचाच, चाळिशीचा, जपानी पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती थांबली आणि कॅसेट पुढं केली.

"भाऊ, ह्याच्यावर काय लिहिलंय तेवढं सांगा."

बद्रीनाथनं उलटसुलट करून बघितलं. "बाईचं नाव हाय, ताई. सुमिए कुरासावा. खाली तारीख. आन् लिहिलंय, 'अजून झालेलं नाही'."

शिवकन्येनं त्याला 'मोइचिदो'चा अर्थ विचारला. तो म्हणाला, "पुन्हा एकदा."

त्याच्या पाहुण्यांत एक पांढऱ्या केसांची बाई होती. नाव ऐकून ती जवळ आली. तिनं कॅसेट हातात घेतली, चिठ्ठीवरून बोट फिरवलं आणि उन्हात उभ्या उभ्या एक गाणं गुणगुणायला लागली. तिच्या तरुणपणी हे गाणं रेडिओवर रोज लागायचं, असं बद्रीनाथनं सांगितलं. गाणारी पुढं कुठं गेली, तिला ठाऊक नव्हतं. ती शोध घेईन म्हणाली आणि तिनं चिठ्ठीचा फोटो काढून नेला, बद्रीनाथनं शिवकन्येचा पत्ता लिहून घेतला. दिंद्रुडला परतताना शिवकन्या जीपमध्ये एकदाच बोलली. "सुमी नाव हाय तिचं," ती म्हणाली. शिवशरणनं विचारलं, कोणाचं? तिनं खिडकीबाहेर बघितलं.

पत्र आलं ते सात महिन्यांनी. सुमिएच्या धाकट्या बहिणीचं, इकुकोचं. बद्रीनाथनं त्याचं मराठी करून आपल्या तिरक्या अक्षरात लिहून पाठवलं होतं. शिवकन्येनं ते परसात बसून वाचलं.

सुमिए उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावची. वडिलांचं सुक्या मासळीचं दुकान. शाळेतल्या पायपेटीवर ती एकटीच शिकली. एकोणिसाव्या वर्षी टोकियोला गेली, दिवसा खानावळीत भांडी घासली आणि मिळेल तिथं गायली. चोविसाव्या वर्षी तिचं एक गाणं देशभर गाजलं. शब्द तिचे आणि चालही तिची. मग कंपनीनं तसंच दुसरं मागितलं. तिनं निराळं दिलं, ते चाललं नाही. तिसरंही चाललं नाही. कंपनीवाले म्हणाले, चेहरा आता जुना झाला. दोनेक वर्षं तिनं दुसऱ्यांसाठी चाली बांधल्या, ज्यांवर नाव भलत्याचंच यायचं. आई आजारी पडल्याचं निमित्त झालं, ती गावी परतली आणि पुन्हा गेली नाही. दुकानात बसून मासळी बांधून द्यायची. गिऱ्हाइकं आधी ओळखायची, पुढं पुढं तीही विसरली. दुपारी दुकान थंड पडलं की माडीवर जायची आणि टेप लावून गायची. अशी चौदा वर्षं. कुणाला बोलवलं नाही, कुणाला ऐकवलं नाही. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात ती गेली. बेचाळीस वर्षांची होती.

शेवटी लिहिलं होतं, घर रिकामं करताना खोकी मी भंगारवाल्याला देऊन टाकली, आणि तेव्हापासून मी त्या कॅसेटी शोधते आहे. तुमच्याकडं किती आहेत?

शिवकन्या तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी तिनं भावाला बोलावून सगळं सांगितलं.  शिवशरण म्हणाला, "आक्का, दोष माझा हाय. मीच पुसाय लावलं. 'आक्काच हाय' म्हणून मीच सांगितलं."

"हात माझे होते," ती म्हणाली.

तिनं उत्तर लिहिलं. साठाच्या वर होत्या, मी पुसल्या, एक उरलीय, ती पाठवते. रडत गायलेली एक न ऐकताच पुसली, हेही लिहिलं. ते तिनं खोडलं नाही. मग दुकान दुपारी बंद ठेवायला लावून ती मशीनसमोर बसली आणि आठवतील तेवढ्या चाली नुसत्या गळ्यानं गायली, शब्द न घालता. चार दुपारी लागल्या. सत्तावीस चाली झाल्या. कोणती सुमीची, कोणती अर्धी तिची, कोणती आपलीच, हे ती प्रत्येक वेळी सांगायला जायची आणि राहून जायचं. शिवशरण म्हणाला, उरलेली कॅसेट पाठवण्याआधी एक प्रत तरी भरून घेऊ. ती नको म्हणाली. कॅसेट तिनं रेशमी खणात बांधली, आणि ती नि चालींची नवी, अशा दोन्ही बद्रीनाथच्या हवाली केल्या.

दुसरं पत्र अठ्ठ्याण्णवच्या होळीला आलं. पहिल्याहून खूप लहान होतं. इकुकोनं लिहिलं होतं, तुमच्या सत्तावीस चालींतली एक मला ओळखू आली. ताई भांडी धुताना ती म्हणायची. बाकीच्यांचं मी काही सांगू शकत नाही, कारण मीही त्या कधी ऐकल्या नाहीत. आमच्या दोघींमध्ये एक जिना होता आणि चौदा वर्षांत मी तो चढले नाही. खोकी देताना त्यांतली एक मी लावली होती. त्यात ताई रडत होती. मी लगेच बंद केली आणि सगळी खोकी त्याच दिवशी देऊन टाकली. म्हणून तुम्हाला बोल लावायला माझ्याकडं तोंड नाही. एवढंच विचारते, त्या कॅसेटीतलं तुम्हाला काही, थोडं जरी आठवत असलं तर कळवा.

शिवकन्येला काही आठवत नव्हतं. पहिले दोन क्षण ऐकले होते ते रडण्याचे, गाण्याचे नव्हेत. तिनं पोस्टकार्ड घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. शेवटी बद्रीनाथच्या पत्त्यावर एकच ओळ लिहिली, 'मला ते रडणं ऐकवेना, म्हणून मी ऐकलं न्हाई.' त्यावर उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी 'दोर पुरेना'ची नवी कॅसेट निघाली तेव्हा तिनं हट्टानं आवरण बदलून घेतलं. संगीत, सुमिए कुरासावा आणि शिवकन्या शेटे. लातूरचा छापखानेवाला म्हणाला, हे नाव चुकलंय का बाई? कार्यक्रमात निवेदक ते नाना तऱ्हेनं म्हणायचे. माजलगावात एकानं 'सुमनबाई कुरसावकर' म्हटलं, आणि तेव्हापासून बीड जिल्ह्यात पुष्कळांची अशी समजूत होऊन बसली की सुमनबाई सांगलीकडच्या कुणी जुन्या गायिका असाव्यात. शिवकन्या दर वेळी माईक हातात घेऊन दुरुस्त करायची. सांगायची की त्या मासळीचं दुकान चालवायच्या, लांब, बर्फाच्या गावी. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि गाणं कधी सुरू होतं याची वाट बघायचे.

कानातला तो शब्द हळूहळू विरळ होत गेला. हसूही थांबलं. त्याचं तिला बरं वाटलं असं मात्र नाही. ध्रुवपदानंतर ती अजून थांबायची, पण आता त्या पोकळीत काही नसायचं, आणि पुढचा सूर तिला स्वतःच शोधून लावावा लागायचा. दोन हजार दोनपर्यंत कॅसेटी विकत घेणारं कुणी उरलं नाही. शिवशरणनं पाटी उतरवून तिथं मोबाईलचं दुकान टाकलं. अप्पा तोवर गेले होते. शिवकन्या मठात मुलींना गाणं शिकवू लागली.

एका दुपारी, मुली यायच्या होत्या त्याआधी, ती मठाच्या ओट्यावर एकटीच तांदूळ निवडत होती आणि तिच्या तोंडात एक चाल आली. खालच्या पट्टीतून चढणारी, मधे मोडून पडणारी, पुन्हा उठणारी. अशी चाल तिनं कधी बांधली नव्हती. तिचा हात सुपातच राहिला. दोन क्षणांचं ते रडणं आणि ही चाल, दोन्हींचा श्वास एकच होता असं तिला वाटलं. लगेच वाटलं, नाही, आपण दहा वर्षं याचा ध्यास घेतलाय, मन आता काहीही रचून पुढं करील.  इकुकोला कळवावं म्हणून कागदही काढला. पण काय कळवणार होती? सापडलं म्हणून कळवलं आणि ते खोटं निघालं तर त्या बाईचं दुसऱ्यांदा काही हिरावून घेतल्यासारखं झालं असतं.

मुली आल्या तेव्हा ती पुन्हा तीच चाल गुणगुणत होती. एकीनं विचारलं, बाई, आता काय गुणगुणत होता, ते शिकवा ना. शिवकन्या म्हणाली, अजून झालेलं न्हाई ते. नंतरही ती चाल तिनं कुणाला ऐकवली नाही, शब्द दिले नाहीत, कुठं भरून ठेवली नाही. कधीमधी दुपारी घरात कुणी नसलं की मात्र ती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची, एकदाच, आणि कामाला लागायची.